दुसऱ्या अंकातली म्हातारी

रविवार, ८ डिसेंबर

विहंगला मोठं काम मिळालंय. काल तालमीहून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आई, जानेवारीत पूर्ण दोन अंकी बॅले आहे. मला मोठा रोल आहे. दुसऱ्या अंकात तर बराच वेळ स्टेजवर मी एकटाच." माझे हात पिठाचे होते, तसंच त्याला जवळ घेतलं. गोष्ट विचारली. डोंगरातलं गाव, एक विधवा बाई आणि तिची तरुण मुलगी. शिकारीला आलेला राजपुत्र वेश बदलून मुलीच्या प्रेमात पडतो, आई मुलीला कोंडून ठेवते, मुलगी पळून जाते. मी म्हटलं, "म्हणजे तू राजपुत्र." तो हसला आणि पाणी प्यायला आत गेला.

नागपूरहून बदली होऊन आम्ही इथे आलो तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. बालीगंजच्या या घराशेजारच्या गल्लीत सान्यालदींचा बॅलेचा क्लास होता. हा खिडकीबाहेर उभा राहून बघायचा. "बॅले? मुलाने?" एवढंच माझा नवरा विवेक म्हणाला आणि नंतर महिनाभर त्या विषयावर अक्षर बोलला नाही. तेव्हा मी एकटी उभी राहिले. सासूबाईंशी, नणंदेशी, सगळ्यांशी भांडले. मी नसते तर हा मुलगा आज बँकेच्या परीक्षांचे क्लास करत असता.

आता बापलेकांचंही बरं जमतंय. रविवारी सकाळी दोघं तळ्यावर, इथल्या लेकवर, फिरायला जातात, येताना कोचुरी आणि जिलबी आणतात. जिन्यातूनच हसण्याचा आवाज येतो. काय झालं विचारलं की दोघंही "काही नाही" म्हणतात. असू दे. जमलंय ते माझ्यामुळेच.

गुरुवार, १९ डिसेंबर

आज आमच्या इथल्या मराठी बायकांच्या मंडळाच्या बैठकीत बॅलेचा विषय काढला. खरं तर सुधाताईंनी काढला, पण मी त्याचीच वाट बघत होते. सुधाताई म्हणजे विवेकच्या साहेबांच्या मिसेस. मुंबईत नाटकं बघत वाढलेल्या, त्यामुळे कुठल्याही कार्यक्रमाबद्दल त्यांचं मत शेवटचं असतं. त्या म्हणाल्या, "मुग्धा, तुझा मुलगा काय काम करतोय त्यात?" मी म्हटलं, "राजपुत्र." सगळ्याजणी एकदम माझ्याकडे बघायला लागल्या. अमृता, ती आयटीतली नवी मुलगी, म्हणाली, "मग आपण सगळ्यांनी एका रांगेत बसायचं." निर्मलाकाकूंनीही त्यांच्या गुडघ्यांना न जुमानता येते म्हणून सांगितलं. पहिल्याच प्रयोगाला जायचं ठरलंय, चार तारखेला.

घरी येऊन विहंगला सांगितलं. म्हणाला, "सगळ्या? पहिल्याच दिवशी?" मी म्हटलं, मग काय, अभिमानाची गोष्ट आहे.

हल्ली तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहतो. भूक लागली का विचारलं तर नाही म्हणतो. मी आमटी तळहातावर घेऊन चाखते, ओढणीला हात पुसते, कुणावर चिडले की डावपळी रोखून बोलते, तो आपला बघत असतो. परवा विचारलं, "आई, दाराची कडी लावल्यावर तू दोन पावलं जातेस आणि परत येऊन ओढून बघतेस. का?" म्हटलं, लागली नसेल तर? "पण लावलीस तर तूच." मी म्हटलं, तुझ्या आजीलाही तेच वाटायचं. तो हसला. मुलगे मोठे होताना आईपासून तुटतात असं सगळ्या म्हणतात. माझा तर उलट जवळ येतोय.

शुक्रवार, ३ जानेवारी

उद्याची साडी इस्त्री करून ठेवली, निळी पैठणी. विहंग संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "आई, रोलबद्दल एक सांगायचं होतं." चेहरा उतरलेला होता. मी म्हटलं, "आता काही बोलू नकोस, टेन्शन येतं. उद्या मी समोर बसलेली असेन, माझ्याकडे बघ आणि नाच." तो उठून गेला. नंतर बाल्कनीत बाबांशी हळू आवाजात बोलत बसला होता.

रविवार, ५ जानेवारी

कालचं लिहायला हवं. सकाळपासून तीन वेळा वही उघडली आणि मिटली.

हॉल भरला होता. आमची रांग मधोमध. माझ्या एका बाजूला सुधाताई, दुसऱ्या बाजूला निर्मलाकाकू, पलीकडे अमृता. विवेक ऑफिसातून, एस्प्लनेडहून मेट्रोने येणार होता, म्हणून त्याचं तिकीट वेगळं, मागच्या बाजूला.

पडदा उघडला. डोंगर, लाकडी घर, विहीर. आधी कुणीच नाही. मग घरातून एक म्हातारी आली. जाड घागरा, शाल, डोक्यावर टोपडं, पाठीला किंचित बाक, हातात बादली. दार ओढून घेतलं, दोन पावलं गेली, परत आली, कडी ओढून बघितली. लोक हसायला लागले. ती विहिरीशी आली, वळली, आणि मला तिचे कान दिसले. विवेकचे कान आहेत ते. माझ्या मुलाचे.

मागे कुणीतरी बंगालीत शेजारच्याला सांगत होतं, ही बाई नाही, पुरुष आहे. सुधाताईंनी तोंडावर हात धरला. "अगं, ही तर आपल्या तमाशातली मावशी." आणि हसल्या. रांगेत सगळ्या हसल्या.

मीही हसले. हे लिहायचं नव्हतं. सुधाताईंपेक्षा मोठ्याने हसले मी.

मग शिकारी आले, त्यांच्यामागून राजपुत्र. उंच, गोरा, बंगाली मुलगा. सुधाताई माझ्याकडे झुकून म्हणाल्या, "हा विहंग का गं? केवढा उंच दिसतोय."

मी म्हटलं, "नाही."

"मग कुठाय?"

त्या वेळी म्हातारी मुलीला डाव रोखून दम देत होती आणि सगळा हॉल हसत होता. मी म्हटलं, "विहंगचा काल पाय मुरगळला. ऐनवेळी दुसऱ्याला उभं केलं. तुम्ही सगळ्या येणार होतात, म्हणून मी बोलले नाही."

किती सहज आलं ते तोंडातून. अमृताने वाकून माझा हात दाबला. सुधाताई हळहळल्या. निर्मलाकाकू स्टेजकडे बघत होत्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. पहिला अंक संपेपर्यंत मी मांडीवरच्या पदराचे काठ बघत होते. मोर आहेत त्यावर. म्हातारी आली की हशा यायचा, तेवढ्यावरून मला तो कुठे आहे ते कळायचं.

मध्यंतरात सुधाताई म्हणाल्या, "मुलगा घरी पाय धरून बसलाय आणि तू इथे काय करतेस? जा बाई घरी. आमचा संकोच करू नकोस." सगळ्यांनी तेच लावून धरलं. नाही कसं म्हणणार? मी उठले. टॅक्सी केली. घरी येऊन दिवा न लावता बसून राहिले.

दोघं बरोबरच आले. विहंगच्या कानामागे पांढरा रंग राहिला होता. म्हणाला, "आई, दुसऱ्या अंकात तुझी खुर्ची रिकामी होती."

"डोकं दुखायला लागलं. मध्यंतरात आले."

"म्हणजे दुसरा अंक नाहीच बघितलास."

"नाही."

"बरं," म्हणाला आणि तोंड धुवायला गेला. विवेक माझ्याकडे बघत उभा होता. त्याचे डोळे लाल होते, नाकही वाहत होतं. मेट्रोतून उतरून थंडीत चालला असेल, सर्दी झाली असावी. मी त्याला आल्याचा चहा करून दिला.

आजही संध्याकाळी प्रयोग आहे. विहंग एकटाच गेला. मला येतेस का विचारलं नाही.

सोमवार, ६ जानेवारी

मंडळाच्या ग्रुपवर काल दिवसभर तोच विषय होता, मी आत्ता वाचलं. अमृताने लिहिलंय, "पहिल्या अंकात पोट दुखेपर्यंत हसले आणि दुसऱ्या अंकात तीच म्हातारी बघून हुंदके देऊन रडले. मी लगेच आईला सोलापूरला फोन केला." खाली सगळ्यांनी होकार दिलाय. राजपुत्राबद्दल एकीनेच लिहिलंय, की तो देखणा आहे पण सारखा स्वतःच्याच पायांकडे बघतो. मुलीचं काम करणारी नाजूक होती, छान गिरक्या घेत होती, पण ती गेल्यावर तिची आठवण राहिली ती म्हातारीमुळे, असं सुधाताईंचं मत.

त्यांचा फोनही आला. "मुग्धा, अगं त्या मावशीने काय काम केलं. आपल्यातलीच कुणी बाई वाटली. कुणासारखी ते मला अजून आठवत नाहीये, पण बघितलीय मी ती कुठेतरी. तू दुसरा अंक चुकवलास." मी म्हटलं, हो ना. "विहंगला सांग, तू असतास तर राजपुत्रही चांगला झाला असता. बुधवारी येतो आम्ही त्याला बघायला."

मला नको म्हणता आलं नाही. काय कारण देणार होते?

निर्मलाकाकूंनी ग्रुपवर काहीच लिहिलेलं नाही.

बुधवार, ८ जानेवारी

विहंगला दुपारी सांगितलं. मेथी निवडत बसले होते, म्हणजे त्याच्याकडे बघावं लागलं नाही. की असं असं झालं, मी सुधाताईंना पायाचं सांगितलंय, संध्याकाळी त्या येतायत. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"कोणता पाय?" त्याने विचारलं.

"कुठलाही."

तिघी आल्या. सुधाताईंनी नोलेन गुडाचे संदेश, इथली नव्या गुळाची मिठाई, आणली, निर्मलाकाकूंनी चोळायला तेल. विहंग आतून भिंत धरत आला. डावा पाय जरा उचलून टेकत, प्रत्येक पावलाला डोळे बारीक करत. मलाच क्षणभर वाटलं की खरंच लागलंय याला. सुधाताई म्हणाल्या, "अरे अरे, बस, बस." तो खुर्चीत बसला आणि पाय स्टुलावर ठेवला.

मग सुधाताई त्याला ती म्हातारी सांगायला लागल्या. त्याला. "तू बघायला हवं होतंस रे. तो मुलगा कोण होता?" विहंग खाली बघत म्हणाला, "आहे एक." सुधाताई म्हणाल्या, "हिरा आहे तो." विहंगने मान वर केली आणि विचारलं, "तुम्हाला नक्की कुठे आवडलं? हसू आलं ते कुठे, आणि रडू कुठे?" त्याचा चेहरा इतका उजळला होता की मला तिथे थांबवेना. मी चहा टाकायला आत गेले. आतून मला त्यांचे आवाज येत होते, शब्द येत नव्हते. मी मुद्दाम नळ सोडला.

बाहेर आले तेव्हा सुधाताई म्हणत होत्या, "बघा, दुसऱ्याचं किती कौतुक पोराला." चहाचा ट्रे घ्यायला विहंग उठला आणि लंगडत माझ्याकडे आला. उजव्या पायाने.

सुधाताई संदेशाचा डबा उघडत होत्या. अमृता फोनमध्ये होती. निर्मलाकाकू मात्र बघत होत्या. मला वाटलं आता संपलं. त्या म्हणाल्या, "ठेव रे बाळा तो ट्रे. किती दमशील." आणि उठून त्यांनीच कप वाटले.

जाताना त्या दारात थांबल्या. मला म्हणाल्या, "मुग्धा, काही बोलायचंय का?" मी म्हटलं, नाही काकू, काय बोलायचं. त्यांनी तेलाची बाटली माझ्या हातात दिली.

गुरुवार, ९ जानेवारी

विवेकला ऑफिसात साहेबांनी विचारलं, "मुलाचा पाय कसा आहे?" तो गोंधळून "बरा आहे" म्हणाला, आणि घरी येऊन मला विचारलं. मी सगळं सांगितलं. हसल्याचं सोडून.

तो रागावला नाही. पंख्याकडे बघत म्हणाला, "पण का गं?"

"सगळ्या त्याला हसत होत्या. मावशी म्हणाल्या त्याला."

"हसणारच. तो हसवत होता त्यांना. किती दिवस धडपडत होता ते हसू यावं म्हणून."

"तुला काय माहीत?"

तेव्हा त्याने सांगितलं. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. रविवारी लेकवर जायचे ते फिरायला नव्हे. विहंग झाडांमागे म्हातारीसारखा चालून दाखवायचा आणि विवेक बाकावर बसून सांगायचा, असं नाही, ती मान आधी वळवते, मग पाय. घरी येताना त्यावरूनच हसायचे दोघं.

मी म्हटलं, "आणि मला? मला कुणीच सांगितलं नाही? त्याच्या नाचासाठी भांडले कोण?"

विहंग दारात उभा होता. कधी आला कळलं नाही. म्हणाला, "तू सगळ्यांना राजपुत्र सांगून बसली होतीस."

"तू मला थांबवायचं होतंस."

"बघितलं थांबवून." मग जरा वेळाने म्हणाला, "बाबांना सांगायला भीती नाही वाटली. त्यांना बॅले आधीच आवडत नव्हता, अजून काय बिघडणार होतं? तुला आवडत होता, आई."

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने ते असं सांगितलं, जसं पत्ता सांगावा. तो गेल्यावर विवेक म्हणाला, "मुग्धा, तुला ती म्हातारी कोण वाटली?" मी म्हटलं, कोण म्हणजे? विहंग. विवेक म्हणाला, "जाऊ दे. तू दुसरा अंक बघायला हवा होतास," आणि कपडे बदलायला गेला.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की या घरात त्याला समजून घेणारी मीच एकटी.

शनिवार, ११ जानेवारी

सकाळी विहंग म्हणाला, "उद्या शेवटचा प्रयोग आहे. तू ये. सगळ्यांना घेऊन ये. पाय बरा झाला म्हणून सांग."

मी म्हटलं, पण त्या बघतील ना.

"उद्या मी शिकाऱ्यांत आहे. दुसऱ्या रांगेत. मखमली कोट आहे, टोपीला पीस आहे. चांगलं दिसतं." मग म्हणाला, "म्हातारी आमच्यातला सायन करेल. त्याला येतं. सान्यालदींशी बोललोय मी."

मला आधी हायसं वाटलं. सगळ्यात आधी हायसं वाटलं, हे लिहून ठेवते. मग मी विचारलं, "त्या काय म्हणाल्या?" तो म्हणाला, "काय म्हणणार? घरची अडचण आहे म्हणून सांगितलं." आणि आजच्या प्रयोगाला निघून गेला. आजची म्हातारी त्याचीच, शेवटची. मला जाता आलं असतं. पायाचं खोटं आज एखाद्या ओळखीच्या माणसासमोर उघडं पडलं तर, या भीतीने गेले नाही. सुधाताईंना फोन करून उद्याचं कळवलं.

सोमवार, १३ जानेवारी

काल विवेक आला नाही. "मी बघितलाय तो बॅले," एवढंच म्हणाला.

पुन्हा तीच रांग. पडदा उघडला, म्हातारी आली. कडी लावली आणि सरळ विहिरीशी गेली. कुणी हसलं नाही. सायन वाईट नव्हता. पावलं नेमकी टाकत होता. पण तो म्हाताऱ्या बाईचं सोंग घेतलेला मुलगा दिसत होता, आणि लोक कौतुकाने बघत होते, तेवढंच.

शिकारी आले. सुधाताईंनी माझा दंड धरला. "तो बघ, तो बघ, मागच्या रांगेतला. किती गोड दिसतोय. पण मागे का ठेवलंय?" अमृता म्हणाली, "पाय नुकताच बरा झालाय ना." विहंग उड्या मारत होता, वळत होता, कोट चमकत होता. सुंदर दिसत होता. शेजारच्या शिकाऱ्यासारखाच. टोपीखाली त्याचा चेहरा शोधायला मला दर वेळी थोडा वेळ लागायचा.

या वेळी मी दुसऱ्या अंकाला बसले. मुलगी पळून गेली, म्हातारी एकटी राहिली. वाद्यांचा आवाज मंद झाला. सायनने खिडकीतून बाहेर बघितलं, खुर्चीत बसला, हातांत तोंड लपवलं. लगेच दिवे मालवले आणि राजवाड्याचा देखावा लागला.

आमच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. अमृता म्हणाली, "अगं, ते जेवायला वाढायचं कुठे गेलं?" सुधाताई म्हणाल्या, "काढून टाकलेलं दिसतंय. आणि हा तो नव्हे. त्या दिवशीचा मुलगा हा नव्हे. त्याला काय झालं?" मागच्या रांगेतल्या एक बाईही शेजारणीला तेच विचारत होत्या, त्या त्याच्यासाठी दुसऱ्यांदा आल्या होत्या.

मी म्हटलं, "तो विहंग होता."

"कोण?"

"त्या दिवशीची म्हातारी. त्याचा पाय मुरगळला नव्हता. मी खोटं बोलले."

सुधाताईंनी माझ्या दंडावरचा हात काढून घेतला. मागून कुणीतरी गप्प बसायला सांगितलं. राजवाड्यात लग्न लागलं, सगळे नाचले, शिकारीही नाचले, आम्ही समोर बघत बसून राहिलो. शेवटी सायन नमस्काराला पुढे आला तेव्हा टाळ्या पडल्या, जशा सगळ्यांना पडतात.

बाहेर सुधाताई "उशीर होतोय" म्हणून भरभर गाडीत बसल्या. निर्मलाकाकू मागे राहिल्या. मी म्हटलं, "काकू, तुम्हाला माहीत होतं."

"चौदा वर्षांचा असल्यापासून बघतेय त्याला. शालीत गुंडाळला म्हणून ओळखणार नाही होय मी?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले. तेलाचं निमित्त करून आले ते त्यासाठीच." मग त्या म्हणाल्या, "तू हसलीस ना गं, तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते."

विहंग बॅग घेऊन बाहेर आला. मी त्याला तिथेच सांगितलं की मी सगळ्यांना खरं काय ते सांगितलं.

"आज?"

"आत्ता. दुसऱ्या अंकात."

त्याने मान हलवली. म्हणाला, "मग मी उगीचच," आणि वाक्य अर्धं सोडून टॅक्सी बघायला रस्त्यावर गेला.

बुधवार, १५ जानेवारी

काल निर्मलाकाकूंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. जाऊ नये असं दिवसभर वाटत होतं. गेले.

सुधाताई माझ्याशी बोलल्या नाहीत, पण मी वाण घेऊन वळले तेव्हा जवळ आल्या. "आम्ही हसलो म्हणून तू लपवलंस ना?" मी म्हटलं, "नाही. मी पण हसले होते." त्या म्हणाल्या, "मला मावशी म्हणायचं नव्हतं गं. म्हणजे, मावशी म्हणजे वाईट असं माझ्या मनात नव्हतं." मी म्हटलं, माझ्या मनात होतं.

काकूंना गूळ तापवायला मदत करत होते. काम झाल्यावर गॅस बंद केला, दाराशी आले, परत जाऊन बटण बघितलं. अमृता दारातच उभी होती. ती एकदम हसली आणि तोंडावर हात ठेवला. सुधाताईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी आठवल्यासारखं आलं. मी काय झालं विचारलं, तर दोघीही काही नाही म्हणाल्या. माझ्यावर हसायचा त्यांना हक्क आहे.

मग मी धीर करून सगळ्यांना विचारलं. म्हटलं, विहंगच्या म्हातारीचा तो प्रयोग आता पुन्हा होणार नाही. पुढच्या महिन्यात बराकपूरला शाळेच्या मुलांसाठी आहे, पण सान्यालदींनी म्हातारी सायनलाच दिलीय. विहंगने एकदा सोडली, आता परत नाही. जेवायला वाढायचा तो भाग विहंगने स्वतः बसवला होता, तोही काढलाय. तेव्हा मला कुणीतरी सांगा, त्याने काय केलं.

अमृता म्हणाली, त्याने दोन ताटं मांडली, दोन्हीत वाढलं, वाट बघितली, आणि मुलीचं ताट उचलून फडताळात झाकून ठेवलं, ती उद्या येईल अशा हिशेबाने.

सुधाताई म्हणाल्या, छे, ताट उचललंच नाही. ती म्हातारी रिकाम्या खुर्चीला डाव रोखून दम देत राहिली, जेवत का नाहीस म्हणून, आणि हळूहळू तिचा हात खाली आला.

निर्मलाकाकू म्हणाल्या, "मला आठवतंय ते असं, की ती स्वतःच्या ताटाला शिवलीच नाही. मुलीच्या खुर्चीत जाऊन बसली आणि मुलीच्या ताटातलं जेवली."

तिघींचं जुळेना. तिघींनीही शपथेवर सांगितलं. सांगताना तिघींचेही डोळे भरून आले होते.

घरी येऊन विवेकला विचारलं. म्हणाला, "मला नीट दिसलंच नाही गं. चष्मा सारखा पुसत होतो."

आज सकाळी विहंग बॅग भरत होता. मी त्याला तिघींचं सांगितलं आणि विचारलं, यातलं कुठलं खरं. तो लक्ष देऊन ऐकत होता. सुधाताईंचं सांगितलं तेव्हा थोडा हसलाही.

"तिन्ही नाही," म्हणाला.

मी वाट बघितली. त्याने बूट घातले, बॅग खांद्याला लावली, आणि येतो म्हणून गेला. पुढे विचारायचा मला अधिकार नव्हता. त्यालाही ते माहीत होतं, पण त्याने तसं म्हटलं नाही.

बराकपूरला तो शिकाऱ्यांत आहे, दुसऱ्या रांगेत. मी जाणार आहे. सियालदाहून गाडी पकडेन, एकटी. शेजारी बसलेल्या कुणी विचारलं तर सांगेन की तो मागच्या रांगेतला माझा मुलगा. पण तिथे मला ओळखणारं कुणीच नसेल. तिथे हे म्हणणं सोपं आहे. एवढं आता मला कळतं.